प्राचीन चीनची कांस्यपात्रे : साच्यात घडलेली नक्षी

शांग आणि झोऊ या राजवटींच्या काळात, म्हणजे ढोबळमानाने इ.स.पू. १६०० ते इ.स.पू. २५६ या दीर्घ कालखंडात, चीनमध्ये तयार झालेली कांस्यपात्रे आज बीजिंग, शांघाय आणि तैपेईपासून लंडन, पॅरिस आणि वॉशिंग्टनपर्यंतच्या संग्रहालयांत पाहायला मिळतात. त्यांतील जुन्या पात्रांसमोर उभे राहिले की प्रथम लक्ष वेधून घेतात ते दोन उठावदार डोळे. मग हळूहळू त्या डोळ्यांभोवतीची शिंगे, भुवया, कान, नाकाचा दांडा आणि वरचा जबडा ओळखू येतो आणि पात्राच्या पोटावर समोरून दिसणारा एक चेहरा आहे हे ध्यानात येते. हा प्राणी कोणता आणि त्याचा अर्थ काय, असा प्रश्न साहजिकच मनात येतो; विद्वानांनीही तो शतकानुशतके विचारला आहे. माझ्या मते मात्र त्या प्रश्नाकडे थोड्या वळणाने जायला हवे. ही पात्रे कशासाठी होती आणि ती ओतली कशी गेली, हे आधी समजून घेतले तर नक्षीतल्या गूढ वाटणाऱ्या बऱ्याच गोष्टी उलगडू लागतात. कारण ही नक्षी तयार पात्रावर नंतर चढवलेला साज नाही, ती मातीच्या साच्यात पात्राबरोबरच आकाराला आलेली आहे.

शांग राजांच्या दृष्टीने मृत पूर्वजांचा घरातला अधिकार मृत्यूने संपत नसे. पाऊस, पीक, आजारपण, युद्ध, राणीची प्रसूती अशा प्रत्येक बाबतीत पितरांची मर्जी महत्त्वाची मानली जाई आणि ती राखण्यासाठी मांस, शिजवलेले धान्य आणि धान्यापासून केलेले मद्य ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या क्रमाने अर्पण केले जाई. शांग राजवटीची शेवटची राजधानी हनान प्रांतातील आनयांग येथे होती. तेथे बैलांच्या खांद्याच्या हाडांवर आणि कासवांच्या कवचांवर कोरलेले हजारो प्रश्न सापडले आहेत. कोणत्या पितराला, कोणत्या दिवशी, किती जनावरे अर्पण करावीत, असे त्यांतील कित्येकांचे स्वरूप आहे. शांग पंचांगातला आठवडा दहा दिवसांचा होता, प्रत्येक पितराला त्यांतल्या एका दिवसाचे नाव दिलेले असे आणि त्याला नैवेद्य त्याच दिवशी दाखवला जाई. कांस्यपात्रांवर आढळणारे 'पिता यी' किंवा 'पिता शिन' यांसारखे अगदी छोटे लेख याच पद्धतीतून आलेले आहेत.

म्हणजे ही पात्रे मुळात स्वयंपाकाची आणि पंगतीची भांडी आहेत; फरक इतकाच की त्या पंगतीचे मुख्य पाहुणे पितर आहेत. मांस शिजवून वाढण्यासाठी तीन किंवा चार पायांचे 'डिंग', धान्यासाठी दोन कानांचे 'ग्वेई', वाफेवर शिजवण्यासाठी 'यान', मद्य तापवण्यासाठी तीन टोकदार पायांचे आणि लांब चोचीचे 'जुए', ते पिण्यासाठी कर्ण्यासारख्या उमलत्या तोंडाचे उंच 'गू', साठवण्यासाठी 'झुन', 'यू' आणि 'हू', हात धुण्याच्या पाण्यासाठी पसरट 'फान', असे त्यांचे प्रकार आहेत. यांतले अनेक आकार धातू येण्याच्या कितीतरी आधीपासून कुंभारांच्या चाकावर आणि हातावर तयार होत होते. खाली जाळ करता यावा म्हणून भांड्याला तीन पाय देण्याची चाल नवाश्मयुगातील मडक्यांत होती आणि तीच कांस्यात उतरली. शांग काळात मद्याच्या पात्रांना विशेष मान होता. गू आणि जुए ही जोडी तर मृताच्या दर्जाचे मापच समजली जाई.

ही किती मोठ्या प्रमाणावर चालणारी गोष्ट होती, हे १९७६ मध्ये आनयांग येथे झंग झेनशियांग यांनी उत्खनन केलेल्या एका कबरीवरून दिसले. ती कबर राजा वू डिंग याची राणी फू हाओ हिची, साधारण इ.स.पू. १२०० च्या सुमाराची. प्रश्न कोरलेल्या हाडांवरील लेखांत फू हाओ ही १३,००० माणसांची फौज घेऊन मोहिमेवर जाणारी सेनानी म्हणून भेटते. तिची कबर आकाराने फार मोठी नाही, पण ती लुटली गेलेली नव्हती, आणि शांग राजघराण्याच्या बाबतीत हे भाग्य दुर्मीळ आहे. तिच्यात ४६८ कांस्यवस्तू निघाल्या आणि त्यांचे एकत्रित वजन दीड टनाहून अधिक भरले. एकट्या गू पात्रांची संख्या ५३ आणि जुए पात्रांची ४० होती. शंभराहून अधिक वस्तूंवर तिचे नाव आहे. शेतकरी अजून दगडी आणि लाकडी अवजारांनी शेती करत असताना इतका धातू एका राणीबरोबर पुरला जातो, यावरून त्या समाजात या पात्रांचे स्थान काय होते ते समजते. शस्त्रे आणि रथांचे भागही कांस्याचे होतेच, पण सर्वांत कुशल हात आणि सर्वांत जास्त धातू पितरांच्या पात्रांसाठी राखून ठेवलेला होता.

कांस्य म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू. चिनी ओताऱ्यांनी त्यात बहुधा शिसेही मिसळले. शुद्ध तांबे वितळायला सुमारे १०८५ अंश सेल्सिअस तापमान लागते. त्यात एक दशांश कथील मिसळले की धातूचा रस हजार अंशांच्या आसपासच तयार होतो आणि थंड झाल्यावर तो अधिक कठीण बनतो. शिशामुळे रस पातळ होऊन साच्यातल्या बारीक खाचांपर्यंत पोहोचतो, आणि नक्षीच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे. ज्ञात प्राचीन चिनी पात्रांतील सर्वांत वजनदार पात्र, म्हणजे १९३९ मध्ये आनयांगजवळच्या वूग्वान गावात सापडलेले होऊमूवू डिंग, सुमारे ८५ टक्के तांबे, साडेअकरा टक्के कथील आणि पावणेतीन टक्के शिसे अशा मिश्रणाचे आहे. ते १३३ सेंटिमीटर उंच असून त्याचे वजन ८३२ किलोहून थोडे जास्त आहे. युद्धाचे दिवस असल्यामुळे गावकऱ्यांनी ते करवतीने कापून पाहिले, ते जमेना तेव्हा पुन्हा पुरून ठेवले आणि १९४६ मध्ये बाहेर काढले. आज ते बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. इतके मोठे पात्र ओतताना अनेक भट्ट्यांमधला रस न थांबता एकामागून एक साच्यात जावा लागतो, नाहीतर आधीचा थर गोठतो आणि नंतरचा त्याला चिकटत नाही. म्हणून त्यामागे किती माणसांचे एका क्षणाला जुळलेले काम असेल याची कल्पना करता येते. एक गोष्ट येथेच सांगायला हवी. या पात्रांचा आजचा हिरवा-निळा रंग हजारो वर्षे मातीत राहिल्याने आलेला आहे. नवे पात्र पिवळसर सोनेरी आणि चकचकीत असे, आणि नक्षी पाहताना तो रंग मनात धरायला हवा.

आता साच्याकडे वळू. जगाच्या इतर भागांत भांडी बहुधा धातूचा पत्रा ठोकून घडवली जात आणि मूर्तींसाठी मेणाची पद्धत वापरली जाई. भारतातील चोळकालीन नटराज याच मेणाच्या पद्धतीने ओतलेले आहेत : मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचा लेप द्यायचा, तापवून मेण बाहेर काढायचे आणि त्या पोकळीत रस ओतायचा. चीनमधील ओताऱ्यांनी सुरुवातीपासून वेगळी वाट धरली. पीत नदीच्या खोऱ्यात वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक, पिवळसर मातीचे प्रचंड थर आहेत. या मातीला लोएस म्हणतात. ती कोरायला मऊ असते, भाजल्यावर आकार राखते आणि धातूच्या उष्णतेने सहज तडकत नाही. कुंभारकामाची परंपरा तर तेथे आधीच फार पुढे गेलेली होती. या दोन्हींच्या बळावर तुकड्या-तुकड्यांचा साचा करण्याची पद्धत उभी राहिली. तिची सर्वांत जुनी पात्रे हनानमधील अर्लीतोऊ या स्थळी सापडलेली आहेत आणि ती इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धातील आहेत.

या पद्धतीत ओतारी प्रथम पात्राचा मातीचा नमुना तयार करी आणि नक्षी त्या नमुन्यावर कोरी. नमुना वाळला की त्यावर ओल्या मातीचा जाड थर दाबून बसवला जाई आणि तो थर उभ्या रेषांत कापून तीन, चार किंवा अधिक तुकड्यांत अलग केला जाई. प्रत्येक तुकड्याच्या आतल्या बाजूला आता नक्षीचा उलटा ठसा असे आणि लागेल तेथे त्यात आणखी बारीक रेषा कोरता येत. मग मूळ नमुन्याचा पृष्ठभाग सर्व बाजूंनी सारखा तासला जाई. जेवढा तासला तेवढी पात्राच्या भिंतीची जाडी, आणि उरलेला भाग म्हणजे आतला गाभा. भाजलेला साचा गाभ्याभोवती पुन्हा जोडताना मधली पोकळी सारखी राहावी म्हणून धातूचे छोटे तुकडे अंतर राखण्यासाठी बसवले जात; क्ष-किरण छायाचित्रांत ते तुकडे पात्राच्या भिंतीत आजही दिसतात. शेवटी साचा पालथा ठेवून रस सहसा पायांच्या बाजूने ओतला जाई, आणि धातू गोठल्यावर साचा फोडून पात्र बाहेर काढले जाई. अवघड आकाराचे भाग आधी वेगळे ओतून साच्यात बसवण्याची युक्तीही या ओताऱ्यांना अवगत होती. हूनान प्रांतातील निंगशियांग येथे १९३८ मध्ये मिळालेल्या चौकोनी झुन पात्राच्या चार कोपऱ्यांतून चार मेंढे पुढे येतात. त्यांची वळलेली शिंगे अशीच आधी तयार केलेली आहेत.

या कृतीचा परिणाम नक्षीवर कसा होतो ते पाहू. साच्याचे तुकडे जिथे जुळतात तिथे थोडा धातू फटीत शिरतोच. मोदकाच्या साच्यातून काढलेल्या मोदकावर जोडाची बारीक रेघ राहते, तशी रेघ या पात्रांवरही उभी राहते. गुळगुळीत पात्रावर ती घासून काढता येते, पण नक्षी जर जोडाच्या आरपार सलग जात असेल तर तुकडे केसभर जरी सरकले तरी रेषा तुटते आणि डोळ्याला खुपते. म्हणून ओताऱ्यांनी नक्षीचे भाग साच्याच्या तुकड्यांप्रमाणेच पाडले : एका तुकड्यात एक पूर्ण घटक, जोडापाशी त्याचा शेवट. तीन पायांच्या डिंगचा साचा तीन उभ्या तुकड्यांचा, म्हणून त्याच्या पोटावर चेहरेही बहुधा तीनच. चार बाजूंच्या चौकोनी पात्रावर चार. एका चौकटीत नीट बसणारी, मधल्या रेषेभोवती डावी-उजवी सारखी असलेली आकृती या पद्धतीला सर्वांत सोयीची ठरते, आणि समोरून पाहिलेला चेहरा ही तशी आकृती आहे. पुढे आनयांगच्या काळात ओताऱ्यांनी आणखी धीट पाऊल उचलले. जोडाची रेघ लपवण्याऐवजी त्यांनी तिथे दातेरी उभे कंगोरे काढले. जोड त्या कंगोऱ्यात जिरला आणि पात्राची बाह्यरेषा मात्र ठसठशीत, वास्तूसारखी भारदस्त झाली. कामातल्या अडचणीतून सौंदर्य उभे राहिल्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

नक्षीचा क्रमही याच अंगाने समजतो. जर्मनीत जन्मलेले कलेतिहासकार माक्स लोएर यांनी १९५३ मध्ये, केवळ पात्रांवरची नक्षी बारकाईने पाहून, शांग काळातील नक्षीच्या पाच पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीत धाग्यासारख्या बारीक उठावाच्या रेषा दिसतात. दुसऱ्या पायरीत रुंद, सपाट पट्टे येतात. तिसरीत त्या पट्ट्यांची वळणे दाट होऊन सगळा पृष्ठभाग भरून जातो, इतका की त्यात प्राणी शोधावा लागतो. चौथ्या पायरीत मुख्य आकृती रुंद रेषांनी आणि पार्श्वभूमी बारीक चौकोनी सर्पिलांनी काढून दोन्ही वेगळी केली जातात, आणि पाचवीत आकृती पार्श्वभूमीपासून वर उचलली जाते, कधी जवळजवळ शिल्प होते. पहिल्या पायरीतील धाग्यासारखी रेषा साच्याच्या आतल्या भिंतीवर थेट कोरल्याने मिळते, कारण साच्यातली खाच धातूत उठाव बनून येते; नंतरचे रुंद पट्टे मात्र नमुन्यावरच कोरावे लागतात. १९५० च्या दशकात हनानमधील झंगझोऊ येथे आनयांगपूर्वीच्या शांग नगराचे उत्खनन झाले, तेव्हा आधीच्या पायऱ्यांची पात्रे खरोखरच जुन्या थरांत मिळाली. कागदावर मांडलेला अंदाज जमिनीने असा खरा ठरवणे कलेतिहासात क्वचितच घडते.

आता त्या चेहऱ्याचा प्रश्न. त्याला चिनी अभ्यासपरंपरेत 'ताओतिए' म्हणतात. हे नाव शांग काळातले नाही. इ.स.पू. तिसऱ्या शतकातील एका ग्रंथात असे म्हटले आहे की झोऊंच्या डिंगवर ताओतिए काढलेला असतो, त्याला डोके आहे पण धड नाही, तो माणसे खातो आणि गिळण्याआधीच स्वतःच्या देहाची हानी करून घेतो. हा मजकूर आनयांगच्या पात्रांनंतर जवळजवळ हजार वर्षांनी लिहिलेला आहे आणि त्यात अधाशीपणाविरुद्धचा उपदेश स्पष्ट दिसतो. इ.स.च्या अकराव्या आणि बाराव्या शतकांत सोंग राजवटीतील विद्वानांनी जुन्या कांस्यपात्रांची चित्रांसह सूची करताना हेच नाव या चेहऱ्याला लावले आणि ते रुळले. आजचे अनेक चिनी पुरातत्त्वज्ञ 'पशुमुख नक्षी' एवढेच तटस्थ नाव वापरणे पसंत करतात, आणि ते मला योग्य वाटते, कारण अधाशी राक्षसाची गोष्ट आधीच कानावर पडली की प्रत्येक पात्रावर तोच दिसू लागतो.

प्रत्यक्षात हा चेहरा कमालीचा चंचल आहे. त्याला खालचा जबडा बहुधा नसतोच. शिंगे कधी बैलाची, कधी मेंढ्याची, कधी कोणत्याच प्राण्याची नसतात. नाकाच्या रेषेपाशी हाताने अर्धे झाकून पाहिले तर उरलेल्या अर्ध्यात बाजूने दिसणारा, पंजा आणि शेपटी असलेला एक संपूर्ण प्राणी दिसतो. म्हणजे हा एक चेहराही आहे आणि नाकाला नाक लावून उभे असलेले दोन प्राणीही आहेत. काही पात्रांवर त्याचे अवयव एकमेकांपासून सुटे होऊन पार्श्वभूमीवर नुसते मांडलेले असतात, आणि काहींवर सगळे विरघळून फक्त डोळे उरतात. डोळे मात्र जवळजवळ कधीच जात नाहीत.

अर्थाबद्दल मुख्यतः दोन टोकांची मते आहेत. पुरातत्त्वज्ञ के. सी. चांग यांच्या मते शांग समाजात राजा आणि पुरोहित हे पितरांशी संवाद साधणारे माध्यम होते आणि पात्रांवरचे प्राणी हे त्या संवादातले त्यांचे साहाय्यक होते. पॅरिसच्या चेर्नुस्की संग्रहालयात आणि क्योटोच्या सुमितोमो संग्रहात असलेल्या दोन यू पात्रांवर वाघासारख्या प्राण्याच्या उघड्या जबड्याखाली, त्याला बिलगलेला माणूस आहे. चांग यांनी तो भक्ष्य नसून साहाय्यक प्राण्याच्या आधाराने पलीकडच्या जगाशी बोलणारा पुरोहित असल्याचे सुचवले. याउलट लोएर यांचे म्हणणे असे की या आकृती रेषा आणि पट्टे यांच्या खेळातूनच जन्मल्या, म्हणून त्यांच्यावर ठरावीक अर्थ लादता येत नाही. कलेतिहासकार रॉबर्ट बॅगली यांनी हाच विचार ओतकामाच्या तंत्राशी जोडून पुढे नेला. अर्थाच्या बाजूने एक जुना मजकूरही नेहमी पुढे केला जातो. इ.स.पू. ६०६ मध्ये छू राज्याच्या राजाने झोऊ राजाच्या नऊ पवित्र डिंगांचे वजन विचारले, म्हणजेच सत्तेवर डोळा असल्याचे सूचित केले, तेव्हा झोऊंच्या दूताने उत्तर दिले की महत्त्व सद्‌गुणाला आहे, डिंगला नाही; आणि त्याच उत्तरात त्याने सांगितले की पूर्वी डिंगांवर नाना वस्तूंची चित्रे अशासाठी काढली होती की लोकांना वनांतल्या आणि जलाशयांतल्या अनिष्ट शक्ती ओळखता याव्यात. पण हा मजकूरही शांग काळानंतर कित्येक शतकांनी लिहिलेला आहे, हे विसरता येत नाही.

मला स्वतःला चांग यांच्यापेक्षा दुसरी बाजू अधिक पटते, पण तिच्या टोकाला जावेसे वाटत नाही. एखाद्या निश्चित देवतेचे चित्र असते तर कारागिरांनी तिची शिंगे, जबडा आणि धड इतक्या मोकळेपणाने बदलले नसते; देवतेची ओळख तिच्या लक्षणांवर असते आणि ती लक्षणे जपावी लागतात. दुसरीकडे, डोळे इतक्या हट्टाने टिकून राहतात की त्यांना निव्वळ नक्षीचा ठिपका म्हणणेही पटत नाही. यांग्त्सी नदीच्या मुखाजवळील ल्यांगझू संस्कृतीच्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या जेडवस्तूंवरही मोठ्या डोळ्यांचा चेहरा आहे, म्हणजे पवित्र वस्तूवर डोळे असण्याची कल्पना कांस्याहून जुनी आहे. धूर, पेटलेला जाळ, मद्याचा वास आणि सोनेरी पृष्ठभागावरून रोखून पाहणारे हे डोळे यांचा परिणाम अर्पण करणाऱ्यांवर होत असणारच. शिवाय दाट, अचूक, एकही रेषा न चुकलेली नक्षी म्हणजे उघड उघड वेळ, कौशल्य आणि धातू यांवरची सत्ता. पितरांपुढे आणि पंगतीतल्या आप्तांपुढे ती सत्ता मांडणे हाही अर्थच आहे, जरी तो चित्राचा अर्थ नसून चित्राच्या दर्जाचा असला तरी.

चेहऱ्याखेरीज इतरही आकृती आहेत. एका बाजूने दिसणारा, एकच पाय असलेला 'क्वेई' नावाचा नाग-प्राणी पट्ट्यांतून फिरतो, गू पात्राच्या गळ्यावर आणि डिंगच्या पायांवर त्रिकोणी पात्यांत सिकाडा हा किर्र आवाज करणारा कीटक बसवलेला असतो, आणि पार्श्वभूमीच्या चौकोनी सर्पिलांना मेघगर्जनेची नक्षी असे नाव नंतरच्या काळात मिळाले. कधी संपूर्ण पात्रच प्राणी होते. फू हाओच्या कबरीतून निघालेली सुमारे ४६ सेंटिमीटर उंचीची घुबडाच्या आकाराची जोडी त्यांत फार देखणी आहे. या सगळ्याला उत्तर-मध्य चीनची परंपरा समजावे. सिचुआनमधील सानशिंगद्वेई येथे १९८६ मध्ये सापडलेले पुढे आलेल्या डोळ्यांचे प्रचंड मुखवटे त्याच काळातले असले तरी ते निराळ्या लोकांचे, निराळ्या श्रद्धेचे आहेत.

इ.स.पू. १०४६ च्या सुमारास पश्चिमेकडून आलेल्या झोऊंनी शांगांचा पराभव केला. या घटनेची समकालीन नोंद एका पात्रावरच आहे : १९७६ मध्ये शीआनजवळच्या लिनतोंग येथे सापडलेल्या ली ग्वेईच्या आतला लेख सांगतो की राजा वू याने शांगांवर चढाई केली आणि सात दिवसांनी ली नावाच्या अधिकाऱ्याला धातू बक्षीस दिला, त्यातून त्याने हे पात्र पितरासाठी करवले. पात्राला चौकोनी बैठक आहे, जी झोऊंची स्वतःची भर होती. पोटावर आणि बैठकीवर चेहरा मात्र अजून शांग वळणाचा आहे. जेत्यांनी जितांचे ओतारी आणि त्यांची नक्षी दोन्ही आपलीशी केली.

पण लक्ष आता हळूहळू बाहेरच्या नक्षीकडून आतल्या लेखाकडे सरकते. शांगांचे लेख दोन-चार चिन्हांचे असत. झोऊंच्या पात्रांवर नेमणुका, बक्षिसे, जमिनीचे वाद, विवाहसंबंध यांचे तपशील येऊ लागतात आणि शेवटी बहुधा मुलांच्या मुलांनी आणि नातवांच्या नातवांनी हे पात्र सदैव जपून वापरावे अशी इच्छा असते. तैपेईच्या संग्रहालयातील माओ गोंग डिंगवरचा लेख सुमारे ५०० चिन्हांचा आहे. अक्षरे पात्राच्या आतल्या भिंतीवर असतात, म्हणजे अन्न वाढल्यावर ती त्याखाली झाकली जात. जिवंत माणसांच्या वाचनापेक्षा पितरांच्या कानावर घालण्यासाठी ती असावीत असे मानले जाते ते यामुळेच.

नक्षीचा खरा कायापालट इ.स.पू. दहाव्या-नवव्या शतकांत दिसतो. आधी लांब शेपटीचे, मागे वळून पाहणारे पक्षी चेहऱ्याची जागा घेतात. मग तेही जातात आणि उरतात लाटांचे रुंद पट्टे, खवल्यांच्या रांगा आणि आडव्या पन्हळी. जुए आणि गू जवळजवळ नाहीसे होतात, आणि त्यांच्या जागी एकसारख्या आकाराचे, उतरत्या मापाचे डिंग आणि ग्वेई संचांनी येतात. परंपरा सांगते की राजाला नऊ, सामंताला सात, त्याखालच्या अधिकाऱ्याला पाच किंवा तीन डिंग ठेवण्याचा अधिकार होता. प्रत्यक्ष कबरींत संख्या नेहमीच अशी जुळत नाही, पण दर्जा संख्येने दाखवण्याचे तत्त्व स्पष्ट आहे. हा बदल एका घराण्याच्या पिढ्यांतून पाहायचा असेल तर १९७६ मध्येच शाआन्शी प्रांतातील झ्वांगबाय येथे एका खड्ड्यात सापडलेली १०३ कांस्यपात्रे पाहावीत. ती वेई नावाच्या लेखनिक घराण्याची आहेत. त्यांतील च्यांग याने करवलेल्या फानवरच्या २८४ चिन्हांच्या लेखात झोऊ राजांची आणि स्वतःच्या पूर्वजांची स्तुती आहे. आजोबांच्या पिढीची दाट उठावाची मद्यपात्रे आणि नंतरच्या पिढीचे शांत, पन्हळी संच एकाच खड्ड्यातून निघाले. जवळून, थोड्या माणसांत पाहण्याची नक्षी मागे पडली आणि लांबून, मोठ्या समुदायाने पाहण्याची मांडणी पुढे आली, असा या बदलाचा जो अर्थ ब्रिटिश अभ्यासक जेसिका रॉसन यांनी लावला आहे तो मला पटण्यासारखा वाटतो.

इ.स.पू. ७७१ मध्ये झोऊंची पश्चिमेकडची राजधानी पडली आणि सत्ता प्रादेशिक राज्यांकडे गेली, तसे ओतकामही त्यांच्याकडे गेले. जिन राज्यातील होऊमा येथे सापडलेल्या ओतशाळेच्या अवशेषांतून कळते की तेथे नक्षीचा एकच ठोकळा कोरून त्याचे मातीत पुनःपुन्हा ठसे घेतले जात आणि ते साच्यात शेजारी शेजारी बसवले जात. त्यामुळे एकमेकांत गुंतलेल्या नागांची तीच चौकट पात्राभोवती अखंड फिरते. साच्याच्या एका तुकड्यात एक चेहरा हा जुना नियम येथे संपतो, कारण आता नक्षीचा घटक साच्याच्या तुकड्याने ठरत नाही. त्याच सुमारास सोने, चांदी आणि तांबे जडवण्याची कला, तसेच शिकार आणि लढाईची दृश्ये येतात, आणि मेणाची पद्धतही वापरात आल्याचे अनेक अभ्यासक मानतात. हूबेमधील स्वेझोऊ येथे १९७८ मध्ये उघडलेल्या झंग राज्याच्या यी नावाच्या सामंताच्या कबरीतील, इ.स.पू. ४३३ च्या सुमाराच्या झुन आणि फान यांच्या काठांवरची जाळी त्यासाठी नेहमी दाखवली जाते. त्याच कबरीत प्रत्येकी दोन सूर देणाऱ्या घंटांसह ६५ घंटांचा संच होता. पुढे छिन आणि हान या राजवटींच्या काळात श्रीमंतांच्या पंगतीत लाखेची रंगीत भांडी मानाची झाली, आणि त्या काळातील बरीचशी कांस्यपात्रे बाहेरून साधी, नक्षी नसलेली आहेत.